राखेतलं बियाणं

पूर्वी डोंगरातल्या एका घरात पहाटे जात्याची घरघर चाले. ती ऐकत कोपऱ्यातली बांबूची कणगी नाचणी सांभाळी. पुढे सरकारचा गहू फुकट येऊ लागला. घरधनीण ठकूबाईने नाचणी पेरणं सोडलं आणि कणगीत गोधड्या कोंबल्या.

मग एका वर्षी दवंडी आली, शाळेतल्या पोरांच्या जेवणाला सरकार गावचीच नाचणी विकत घेणार. ठकूबाई धावत घरात आली.

"कणगीबाई, पेरायला बियाणं काढ गं."

"तळाला राखेत जपलं होतं, बाई. गोधड्यांना राख लागते म्हणून तूच ते कोंबड्यांना टाकलंस."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले होते गं. तू म्हणालीस, आता कोण पेरतंय."

ठकूबाईने गोधड्या उचलून तळाला हात फिरवला. बोटांची राख पदराला पुसली आणि ती निघून गेली.