भरतीच्या रेघेतली उंडी

"पण बुवा, यातली माझी उंडी कुठली, एवढं तरी सांगाल की नाही?" नरहरीमहाराजांनी विचारलं.

मठातले भानबुवा वाळूत पाय पसरून बसले होते. नव्वदी उलटलेली, दात गेलेले, नजर मात्र शाबूत. मठामागची उंडीची राई पांढऱ्या फुलांनी भरली होती. त्या गोड वासानं नरहरीमहाराजांचा जीव कासावीस होत होता.

मठाची एक जुनी रीत होती. मूल ठेवायला कोणी आलं, की त्यानं नि मुलानं मिळून उंडीची एक बी पुरायची. तीही कुठे, तर किनाऱ्यावर भरतीच्या रेघेत!

लहानग्या नरहरीनं ती आईबरोबर पुरली होती. मनगटापर्यंत वाळूत गेलेला तिचा हात, हिरव्या बांगड्या... पुढच्या शिमग्याआधीच ती तापानं गेली.

आता नरहरीमहाराजांच्या प्रवचनाला मांडव अपुरे पडत. आज गाडीत आईच्या नावाची संगमरवरी पाटी होती, झाडाभोवती घालायला लोखंडी कुंपण होतं आणि ते ठोकायला दोन धट्टेकट्टे शिष्यही होते.

"पाटी कित्याक रे?" बुवांनी विचारलं.

"आईचा फोटो नाही, बुवा. आईवर बोलून मी हजारोंना रडवतो, आणि मला स्वतःला तिचा चेहरा धड आठवत नाही. उरलंय ते एवढं झाड."

बुवांनी काठीनं वाळूत एक रेघ ओढली.

"तुझी बी पयल्याच पावसात दर्यान नेल्यान."

महाराजांना वाटलं, म्हातारा भ्रमला.

"असं कसं? रोपटं तुम्हीच मला दाखवलंत! मी त्याला कळशीनं पाणी घातलं!"

"तू रडत होतंस."

महाराज राईकडे वळून एकेक बुंधा न्याहाळू लागले.

"खयचां तां रोप, आता माका पन याद नाय."

महाराजांचा पारा चढला. "म्हणजे फसवलंत मला! आणि भरतीच्या रेघेत बी पुरतं का कोणी? ती वाहूनच जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

"व्हय," बुवा म्हणाले.

 महाराज वाळूत बसले. शिष्य बघताहेत याचंही त्यांना भान राहिलं नाही. कित्येक वर्षं जिभेवर न आलेली गावची बोली त्यांच्या तोंडून निघाली; 'आई'ची पुन्हा 'आवस' झाली.

"मगे माझ्या आवशीचां कायच नाय रवलां, बुवा?"

बुवा काठीच्या आधारानं उठले. त्यांनी महाराजांचा हात धरला नि त्यांना जवळच्या उंडीखाली नेलं.

"ही झाडां कोनी लावली?"

"कोणीच नाही... बिया लाटांबरोबर येतात. वाळूत अडकतात नि रुजतात."

"खयसून येतत?"

नरहरीनं समुद्राकडे पाहिलं. पाण्यापलीकडे नुसतं पाणीच दिसत होतं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते पुसले नाहीत.

बुवांनी बुंध्याशी बसून शेजारची वाळू हातानं थोपटली.

"ही खयच्यातरी आवशीची सावली... बस." बुवांनी काठी पाण्यापलीकडे रोखली. "तुझ्या आवशीच्या सावलेत थय कोनतरी बसलो असतलो."