पाठकोरा फोटो

एकदा एका वृद्ध छायाचित्रकाराने आपल्या लाडक्या शिष्याच्या प्रदर्शनातला सर्वांत उत्तम फोटो खिळ्यावरून काढला आणि सरळ काखोटीला मारला. उद्घाटनाला तेव्हा दोन तास उरले होते.

स्थळ कोल्हापूर, वेळ सकाळी नऊची. शिष्याचे नाव हेरंब. सहा वर्षे तो पाठीवर कॅमेरा टाकून गावोगाव हिंडला होता आणि त्यातले आवडते चोवीस फोटो त्याने भिंतीवर टांगले होते. पाहुणे यायचे होते, वर्तमानपत्रवाले यायचे होते. ज्या फोटोवर त्याची सगळी भिस्त होती, तो मधोमध लावला होता, चांगला दोन हात रुंद. आणि नेमका तोच गुरूच्या काखेत!

"नाना, काय करताय? लावा तो परत!"

"नाही लावायचा," नाना म्हणाले.

आता हे नाना म्हणजे काय प्रकरण होते ते सांगायला हवे. चाळीस वर्षे त्यांनी फोटो काढले, आणि त्यांची एक खोड होती. कुणाचाही फोटो दाखवा, ते आधी तो उलटा करून पाठ बघत. त्यांच्या स्वतःच्या प्रत्येक फोटोमागे माणसाचे नाव, गाव आणि 'पोचता केला' अशी तारीख असे. पाठ कोरी असेल तर तो फोटो भिंतीवर जायचा नाही, हा त्यांचा दंडक. हेरंब हे सारे शिकला होता, आणि शहाण्या शिष्यांप्रमाणे सोयीस्करपणे विसरलाही होता. डोंगरांना आणि देवळांना नावे विचारावी लागत नाहीत, त्यामुळे त्याचे आजवर निभावले होते.

नानांनी फोटो टेबलावर उभा केला. खाडीतली होडी. पुढे एक म्हातारी तोंडभर हसतेय. तिच्या पाठीमागे, होडीच्या दुसऱ्या टोकाला, बांबू रोवून तिचा नवरा उभा आहे.

"ही कोण?"

"एक आजी होती. दोन वर्षांपूर्वी. काय प्रकाश होता त्या दिवशी, नाना! मी होडीच्या पुढच्या टोकाला उलटा बसलो होतो आणि..."

"प्रकाशाचं नाव नाही विचारलं मी. हिचं नाव काय?"

हेरंब फोटोची चौकट पुसू लागला.

"बरं, हा बाबा कुठं बघतोय?"

"पाण्यात. आणखी कुठं बघणार?"

नानांनी हळूच विचारले, "फोटो काढल्यावर ती काय म्हणाली होती?"

आणि तिथे हेरंबचा चेहरा उतरला. आठवले त्याला. म्हातारीने त्याची बाही धरली होती. "झिला, लग्नाक पन्नास वर्सा झाली, पण दोघांचो एकत्र फोटो नाय. आमका एक धाडशील मां?" आणि हा म्हणाला होता, "पाठवतो हं आजी, नक्की." शेजारच्या दुकानदाराने कॅलेंडरच्या पानावर पत्ता लिहून दिला होता. अहो, हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. प्रवासात दिलेला शब्द गाडी वळणावर गेली की मागेच राहतो, आणि आपल्याला त्याची लाजसुद्धा वाटत नाही.

हेरंबने कॅमेऱ्याची पिशवी उलटीपालटी केली. तळाच्या कप्प्यात ते पान निघाले. चंद्रभागा धाकू तारी, मार्फत म्हापणकर किराणा. खाली दुकानाचा नंबर.

"लाव फोन," नाना म्हणाले.

"आत्ता? उद्घाटन झालं की..."

"आत्ता."

घंटी वाजत राहिली. पलीकडून म्हापणकर बोलले तेव्हा त्याने कसेबसे सांगितले की मी तो फोटोवाला.

"दोन वर्सांनी आठवण झाली तुका?" म्हापणकर कडाडले. "काकीचो एक डोळो गेल्या वर्सा गेलो. काचबिंदू. दुसऱ्याच्या ऑपरेशनाक आज चारच्या गाडीन नेतत. तो डोळो ऱ्हवतलो की नाय, ता डॉक्टर पण सांगणा नाय."

"मी आत्ता मोबाईलवर पाठवतो! तुम्ही दाखवा त्यांना!"

"अरे, तिका समोरचो माणूस ओळखाक येणा नाय, मोबाईलवरचा काय दिसतला? मोठो आसात तर घेवन ये."

हेरंबने फोन ठेवला. साडेनऊ वाजले होते. कोल्हापूरहून घाट उतरून खाडीपर्यंत चार-साडेचार तास. दाराशी पाहुण्यांचे हार येऊन पडले होते. त्याने नानांकडे पाहिले. माणूस अशा वेळी पाहतो तसेच पाहिले, कुणीतरी 'राहू दे' म्हणावे म्हणून.

नाना म्हणाले, "माझ्या पेटीत एका कुंभाराचा फोटो आहे. 'पाठवतो' म्हणालो होतो. अकरा वर्षांनी घेऊन गेलो, तर घराला कुलूप. फोटो उत्तम आहे रे. पण मला तो बघवत नाही. तू म्हणतोस ही तुझी आवडती आठवण. आठवणीचं एक टोक तुझ्याकडे आहे, ते तू चौकटीत बसवलंस. दुसरं टोक धरून ती म्हातारी दोन वर्षं दारात बसलीय. इथलं मी सांभाळतो. जा, लेका."

हेरंबने मित्राची गाडी घेतली. फोटो मागच्या सीटवर चादरीत गुंडाळला. पाहुणे आले तेव्हा मधला खिळा रिकामा होता, त्यांनी विचारलेच, तर नाना म्हणाले, "तो फोटो ज्यांचा, त्यांच्याकडे गेलाय." इकडे घाटात एक ट्रक आडवा पडलेला. दीड तास गाडी जागची हलेना. हेरंब घड्याळ बघे, शिव्या देई, आणि त्या स्वतःलाच लागू पडतात हे त्याला कळत होते.

पावणेचारला तो पोचला तेव्हा जीप अंगणात उभी होती. चंद्रभागाबाई ओटीवर बसल्या होत्या, शेजारी धाकू तारी पिशवी सांभाळत. हेरंबने चादर सोडली आणि फोटो उन्हाच्या बाजूला धरला. म्हातारीने नाक काचेला लावले. एक डोळा काचेवरून इंच इंच सरकू लागला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाजूला उभ्या म्हापणकरांनी त्याला हातानेच थांबवले.

"मी दिसलंय," ती म्हणाली. मग जरा थांबून, आवाज न चढवता, "गेल्या वर्सा धाडलो असतंस, तर दोनय डोळ्यांनी बघलंय असतंय."

हेरंबने चौकट म्हापणकरांच्या हाती दिली आणि तिचे पाय धरले.

पण तिचे लक्ष त्याच्याकडे नव्हतेच. डोळा आता होडीच्या मागच्या टोकाला पोचला होता. जन्मभर ती होडीत पुढे तोंड करून बसली होती. मागे उभा राहून होडी हाकणारा नवरा तिने कधी पाहिलाच नव्हता.

"अगो बाय! ह्ये माझ्याकडे बघतत! माका वाटायचा, ह्येंचा लक्ष पाण्यात."

"पाण्यातच व्हता," धाकू तारी पुटपुटले. "फोटोवाल्यान कायतरी केल्यान आसतला." आणि पिशवी उचलून घाईघाईने जीपकडे गेले. त्यांचे कान लाल झाले होते.

जीप गेल्यावर हेरंबने फोटो उलटा केला आणि पाठीवर लिहिले: चंद्रभागा आणि धाकू तारी. दोन वर्षे उशिरा पोचता केला. मग म्हापणकरांच्या मदतीने फोटो म्हातारा-म्हातारीच्या ओटीवर टांगून तो परतला.

ऑपरेशन झाले. डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढाच कळतो. म्हापणकर सांगतात, घरी कुणीही आले की म्हातारी त्याला हाताला धरून त्या फोटोसमोर नेते आणि विचारते, "ह्ये खंय बघतत, सांग बघू?"

आणि येणारा सांगतो, "तुझ्याकडेच गे, काकी."