देवीच्या नजरेची उंची

एकदा एका वृद्ध मूर्तिकाराने पूर्ण झालेल्या शारदेच्या मूर्तीचे डोळे ओल्या फडक्याने पुसून टाकले. मूर्ती सुंदर होती, डोळे तर त्याहून सुंदर होते, आणि दसरा चार दिवसांवर आला होता.

ते डोळे जिने रेखले होते ती त्याची शिष्या कुमुद तेव्हा हातभर अंतरावर कुंचले धुवत उभी होती. ओरडायचेही तिला सुचले नाही. कुंचल्यातून काळे पाणी ठिबकत राहिले आणि ती बघत राहिली.

नदीकाठच्या त्या गावात मूर्तिशाळा एकच होती, आणि तिच्या मालकाला सगळे तात्या म्हणत. तिथली रीत अशी होती, की माती मळणे, साच्यात भरणे, वाळवणे, रंग देणे ही कामे कोणीही करावीत. डोळ्यांची आखणी मात्र एकाच हाताने व्हायची. डोळे रेखेपर्यंत मूर्ती म्हणजे माती. डोळे रेखले की कामगारसुद्धा तिच्यासमोर चप्पल घालत नसत. साठ वर्षे तो हात तात्यांचा होता. त्या वर्षी आषाढात त्या हाताला कंप सुटला. गणपतींची आखणी त्यांनी उजवे मनगट डाव्या हाताने धरून कशीबशी निभावली, आणि नंतर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "गावच्या शाळेची शारदा कुमुद करील. जमली, तर यापुढची आखणी तिची. नाही जमली, तर मूर्तिशाळेला कुलूप. आंधळे देव मी विकणार नाही."

कुमुद बारा वर्षांपूर्वी इथे माती मळायला आली होती. नवऱ्याचे सायकल दुरुस्तीचे दुकान, आता घरी पाच वर्षांची मुलगी गोदू, आणि हातात उपजतच एक स्थिर रेघ. ती रेघ तिने बारा वर्षे जपली होती. भाकरी करताना परातीतल्या पिठावर बोटाने डोळे काढायची. मुलीचा अभ्यास घेता घेता वर्तमानपत्राच्या कडेला डोळे काढायची. या शारदेच्या डोळ्यांसाठी तर तिने महिनाभर उपवास धरला होता.

आखणी तिने आदल्या दिवशी केली होती. मूर्ती उंच तिपाईवर ठेवली, आपल्या डोळ्यांच्या बरोबरीला आणली, म्हणजे मान अवघडत नाही. हल्ली सगळेच मूर्तिकार तसे करतात. तात्या मात्र शाळेची शारदा करताना मूर्ती टेबलावर ठेवत आणि स्वतः खाली जमिनीवर जाऊन बसत. पुन्हा उठत, रेघ ओढत, पुन्हा खाली बसत. जुन्या माणसाची जुनी सवय, असे कुमुद समजत आली होती.

डोळे झाले तशी बघायला माणसे आली. रंग देणारा भिवा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी, मागच्या जन्मी कोण होता हो तुम्ही? मी इकडून तिकडे गेलो तर वाटलं, उशिरा आलो म्हणून देवी रागावतेय." शाळेच्या मोठ्या बाई मुद्दाम येऊन गेल्या. "अगदी आपल्याकडेच बघते हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आपसूक हात जोडले.

तात्या कोपऱ्यात बसून होते. ते येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहत होते.

दुपारी बालवर्ग सुटल्यावर गोदू आली. मूर्तीसमोर उभी राहिली. मग दोन पावले मागे गेली. डावीकडे सरकली, पुन्हा मध्ये आली. आणि मग तिने उडी मारली. एक, दोन, तीन. टाचा जुळवून, मान वर करून.

"गोदे! रंगाची भांडी सांडशील. बाहेर जा खेळायला."

"दसऱ्याला अजून पाच दिवस आहेत ग भवाने," भिवा म्हणाला, "आत्ताच काय देवीपुढे नाचतेस?"

गोदू बाहेर गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी फडके ओले केले.

"तात्या," शेवटी कुमुदच्या तोंडून शब्द फुटले, "काय चुकलं माझं?"

"रेघेत काही चुकलं नाही. तुझी रेघ माझ्यापेक्षा चांगली आहे."

"मग पुसलेत का?"

तात्यांनी फडके पिळून दोरीवर टाकले. "शाळेत जाऊन ये. देवी बसते ते टेबल मोज. पाट्या ठेवायचा पाट टेबलापासून किती लांब मांडतात ते मोज. आणि बालवर्गातली पोरं मोज."

"पोरं मोजू? पट बाईंकडे असेल की."

"किती आहेत ते नको मला. किती उंच आहेत ते सांग."

"तात्या आता सदरे शिवायला घेतात वाटतं," भिवा पुटपुटला. पण त्यालाही हसू आले नाही. चार दिवसांत डोळे पुन्हा झाले नाहीत, तर शाळा बाजारातून तसबीर आणणार, आणि इथे कुलूप लागणार, हे त्यालाही ठाऊक होते.

कुमुद सुतळीचे भेंडोळे घेऊन शाळेत गेली. डोळ्यांत पाणी होते आणि मनात राग होता. म्हाताऱ्याला आपला हात सोडवत नाही, दुसरे काय, असेही तिच्या मनात येऊन गेले. टेबल अडीच हात उंच भरले. त्या शाळेत दसऱ्याला बालवर्गातले प्रत्येक मूल पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून आणी, देवीपुढच्या पाटावर ती पाटी ठेवी, हात जोडी आणि पुढे जाई. तो पाट टेबलापासून दीड हातावर मांडतात, असे शिपायाने दाखवले. मग तिने बालवर्ग रांगेत उभा केला. सुई टोचणार असे वाटून दोघे रडू लागले. एक मुलगा चवड्यांवर उभा राहून म्हणाला, "माझी गाठ वर मारा हां, मी दादा आहे." सर्वांत लहान मुलाच्या डोळ्यांपाशी तिने एक गाठ मारली, सर्वांत उंच मुलाच्या डोळ्यांपाशी दुसरी.

रांगेच्या शेवटी गोदू होती. तिला काय मोजायचे, कमरेएवढी तर आहे, म्हणून कुमुदने सुतळी न लावताच आपल्या कमरेशी हात धरला. हात गोदूच्या गालावर गेला. डोळे अजून चार बोटे वर होते.

ही कधी वाढली?

परत आल्यावर तात्यांनी मूर्ती टेबलावर ठेवायला लावली. टेबल अडीच हात उंच, समोर दीड हातावर पाट. गाठी मारलेली सुतळी त्यांनी पाटाशी उभी धरली.

"बस. डोळे या दोन गाठींच्या मध्ये आले पाहिजेत."

कुमुद गुडघ्यांवर बसली, थोडी वाकली, गाठींच्या मध्ये आली.

"आता वर बघ. काल तू काढलेले डोळे या चेहऱ्यावर असते, तर ते कुठे बघत असते?"

डोळे नसलेला पांढरा चेहरा तिच्यावर उंच उभा होता. तिने कालची बुबुळे मनात जागच्या जागी ठेवली. मग ती नजर जिकडे जाईल तिकडे मागे वळून पाहिले. तिच्या डोक्यावरून हात-दीड हात वर, मूर्तीसमोरच्या भिंतीवर, खुंटीला भिवाची छत्री टांगलेली होती.

ती पुन्हा मूर्तीकडे वळली.

"काल तुझी लेक नाचत नव्हती, पोरी," तात्या म्हणाले. ते हळू बोलत होते. "ती देवीच्या नजरेत यायला उड्या मारत होती. देवी आपल्यावरून पलीकडे बघते, हे त्या पाच वर्षांच्या पोरीला कळलं. तुला, भिवाला, बाईंना कळलं नाही, कारण आपण आयतेच तिच्या नजरेच्या उंचीला उभे होतो. आपल्याला वाटतं, पोरं देव बघायला जातात. अगं, ती देवाला दिसायला जातात. रात्री बसून पाटीवर सरस्वती काढायची, ती पडू नये, पुसली जाऊ नये म्हणून छातीशी धरून आणायची, ती कशाला? कुणीतरी बघावं म्हणून. आणि तिथे जाऊन वर बघावं, तर देवी मोठ्या माणसांकडे बघतेय. मी आखणी करताना जमिनीवर बसतो, ते त्या पाटाच्या जागी बसतो. साठ वर्षं दर दसऱ्याला मी चार दिवस पोर होतो."

"बारा वर्षांत हे एकदाही सांगितलं नाहीत मला."

"सांगितलं असतं तर माप तुझ्या लक्षात राहिलं असतं, पोर राहिलं नसतं."

दोन दिवसांपूर्वीची संध्याकाळ कुमुदला आठवत होती. गोदू पाटी घेऊन आली होती. "आई, बघ ना." कुमुद वर्तमानपत्राच्या कडेला पापणीची रेघ ओढत होती, आणि मान वर न करता म्हणाली होती, "छान. खूप छान." त्या पाटीवर काय होते? एकचे आकडे होते? फूल होते? घर? तिने खूप आठवून पाहिले. पाटी तिला आठवत होती, पाटीची लाकडी चौकट आठवत होती, ती धरलेली इवली बोटेही आठवत होती. पाटीवरचे काही आठवत नव्हते, कारण ते तिने पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गोदूला पाटाशी उभे केले.

"हलू नको का?" गोदूने विचारले.

"हल की. हवी तेवढी हल."

कुमुदने मूर्तीच्या डोळ्यांत पांढरा भरला, तो वाळू दिला, आणि मग पापणीची रेघ ओढली. पहिल्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढी खाली. खाली येऊन गोदूच्या शेजारी बसली आणि वर पाहिले. उठली, बुबुळाची कड घेतली. पुन्हा बसली. अशी ती किती वेळा उठली नि बसली, ते भिवाने मोजायला घेतले होते. तिसाच्या पुढे त्याने नाद सोडला. गोदू तोवर पाटाभोवती घिरट्या घालत होती, एका पायावर उभी राहत होती, तात्यांना कोडी घालत होती. शेवटी कुमुदने बारीकातला बारीक कुंचला घेतला, श्वास धरला, आणि दोन्ही बुबुळांत प्रकाशाचा एकेक ठिपका ठेवला.

गोदू बोलता बोलता थांबली.

तात्या उठून मूर्तीकडे गेले नाहीत. त्यांनी मूर्तीकडे पाहिलेही नाही. ते गोदूकडे पाहत होते. तिने आधी हळूच उचललेला पाय खाली ठेवला. मग कपाळावरची झिपरी मागे सारली, फ्रॉक दोन्ही हातांनी खाली ओढून नीट केला, आणि गालाला लागलेला खडू बाहीने पुसला. समोर कोणी थोर माणूस आले की आपण जसे करतो तसे.

"भिवा," तात्या म्हणाले, "मूर्ती झाकून ठेव. झाली."

दसऱ्याच्या सकाळी शाळेच्या दालनात झेंडूच्या माळांखाली शारदा बसली. मोठ्या बाईंनी तिला पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, हे काय? देवी खाली बघते. परवा मी पाहिली तेव्हा केवढं तेज होतं!" पालकांतही कुजबुज झाली. "झोपाळू वाटते नाही?" कोणीतरी म्हणाले. "तात्यांचा हात तो तात्यांचा," दुसरे कोणी म्हणाले. दाराशी खुर्चीवर तात्या बसले होते. त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. नवीन डोळे कुमुदने एकाच मुलीवर पारखले होते, आणि ती मुलगी तिचीच होती.

मुलांची रांग सुरू झाली. पहिला मुलगा धावतच आला, पाटी ठेवली, हात जोडायला मान वर केली आणि तिथेच थबकला. "चल रे पुढे," मागचा म्हणाला. मग मागचा पुढे आला आणि तोही थबकला. रांग हलेना. एका मुलीने इकडे तिकडे पाहून देवीला हळूच सांगितले, "मी सगुणा." एक मुलगा पाटी ठेवून पुढे गेला होता, तो परत आला, आपल्या सरस्वतीतला एक वाकडा एक त्याने थुंकी लावून पुसला, तिथेच बसून नीट काढला आणि मगच गेला. कोणीही ढकलाढकली केली नाही. त्या दालनात सत्तर मुले होती, आणि बाहेर झाडावरचे कावळे ऐकू येत होते.

"अरे, आवरा, आवरा," म्हणत मोठ्या बाई पुढे झाल्या. एक पाटी पाटावरून निसटत होती, ती सावरायला त्या वाकल्या, आणि सहज त्यांनी वर पाहिले.

त्या लगेच उठल्या नाहीत. मुले त्यांच्याकडे पाहू लागली. खूप वेळाने त्या उठल्या, चष्मा काढून पदराने पुसला, आणि पालकांकडे वळून एवढेच म्हणाल्या, "मोठ्यांनी दर्शन पाटाशी बसून घ्यावं."

मग धोतरे आवरत, गुडघे धरत, एकमेकांचा आधार घेत माणसे एकेक करून खाली बसली. कोणाचा जावई, कोणाची सासू, कोण सावकार, कोण शिपाई. खाली बसला की प्रत्येकजण गप्प होत होता. तात्यांनी भिवाला जवळ बोलावून सांगितले, "पुढच्या वर्षीची माती आत्ताच सांगून ठेव. दोन गाड्या जास्त."

कुमुदची पाळी शेवटी आली. ती मनात हिशेब करत बसली होती, की पापणीची रेघ बरोबर उतरली का, डाव्या डोळ्यातला ठिपका जरा मोठा झाला का, ते जवळून तपासावे. त्या डोळ्यांतली प्रत्येक रेघ कोणत्या कुंचल्याची, हे तिला पाठ होते. ती पाटाशी बसली आणि तिने वर पाहिले.

रेघा कुठे गेल्या ते तिला समजले नाही. कुंचला, रंग, सुतळी, बारा वर्षे, काहीच तिथे नव्हते. कोणीतरी तिच्याकडे पाहत होते. घाई न करता, दुसरे काही काम हातात न धरता, ती जशी होती तशी तिला पाहत होते. आपण हात जोडलेले नाहीत हेही तिच्या ध्यानात आले नाही. किती वेळ गेला कोण जाणे, मग मागून भिवा अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, सरका थोडं. मी राहिलोय."

ज्यांच्या घरात लहान मूल आहे, त्यांनी आपला देव्हारा एकदा जमिनीवर बसून पाहावा, आणि आपला चेहरा मुलाला तिथून कुठे बघताना दिसतो, तेही.