वहीत न लिहिलेली पळी

“मग माझं चुकतंय कुठे, ते तरी सांगा अक्का.”

अंबाक्का समईची वात पुढे सारत राहिल्या.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात सोमवारचा अभिषेक होऊन गेला होता. माणसं तीर्थ घेऊन पांगली होती. मागे राहिली होती सुलक्षणा, तिची पाच वर्षांची ईश्वरी, आणि चाळीस वर्षं मठ सांभाळणाऱ्या अंबाक्का.

ईश्वरी खांबाला टेकून बसली होती. शेजारी तिचा वेगळा डबा, वेगळी पाण्याची बाटली.

“सोळा सोमवार केले. संपले तसे पुन्हा धरले. आता तर निर्जळी राहते. आमच्या गल्लीत एवढं कोण करतं, सांगा.”

“कुणी नाही.”

“मग?”

“तुझं राहू दे. पोरीला काय होतं, ते सांग.”

सुलक्षणाने पिशवीतून वही काढली. कव्हर घातलेली, वर कुंकवाचं बोट लावलेली.

“दीड वर्षाची होती, तेव्हा गाईच्या दुधानं ओठ सुजले, श्वास लागला. उचलून दवाखान्यात पळालो. तेव्हापासून दूध बंद. घरातला चहाचा कपसुद्धा तिच्यापासून लांब ठेवते मी. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुधाऐवजी दुसरं काही देऊन बघू, पण एका वेळी एकच. आणि तोंडात जे जाईल ते लिहायचं. मी सगळं लिहिलंय अक्का. पाण्याचा घोटसुद्धा.”

अक्कांनी चार पानं उलटली.

“चित्रगुप्तानं पाहिली तर लाजेल ग.”

सुलक्षणा हसली. कितीतरी दिवसांनी कुणी तिचं कौतुक केलं होतं.

“वाच.”

“सोयाचं दूध. मंगळवारी सुरू केलं. रविवारपर्यंत काही नाही. सोमवारी अंगभर पित्त उठलं. बंद केलं.”

“पुढे.”

“बदामाचं. सहा दिवस ठीक. सोमवारी पित्त, ओठही जाड. बंद.”

“पुढे.”

“नारळाचं...” तिचा आवाज खाली आला. “तेही सोमवारीच.”

“आता काय देतेस?”

“काय देऊ? भात, वरण, पाणी. वजन हलत नाही. जाऊबाई म्हणतात, तुझी पोर काचेची, कपाटात ठेव आणि कुलूप लाव.”

“डॉक्टरबाईंनी वही पाहिली?”

“पाहिली ना. म्हणाल्या, सोमवारी ही वेगळं काय खाते? मी म्हटलं, काही नाही. नीट आठवा म्हणाल्या. रात्रंदिवस आठवलं. काहीच नाही. खोटं कशाला बोलू?” तिने वही मिटली. “मग माझं मलाच कळलं. सोमवार त्याचा वार. सेवा कमी पडतेय माझी. म्हणून तर निर्जळी धरली.”

“आणि?”

“आणि जास्तच उठतं.”

अक्का उठल्या. गाभाऱ्यातून पंचामृताची वाटी घेऊन आल्या. ईश्वरीसमोर मांडी घातली, पळी भरली.

ईश्वरीने मूठ आवळली.

“असं नाही करायचं,” सुलक्षणा पटकन पुढे सरकली. “उजवा हात. तीर्थाला नाही म्हणू नये, कितीदा सांगितलंय?” आणि सवयीने ती मुलीच्या मुठीचं एकेक बोट उलगडायला लागली.

पळी हवेतच राहिली.

“घाला ना, अक्का. धरलाय मी हात.”

“नेहमीच मूठ आवळते?”

“लबाड आहे. म्हणते, घशात टोचतं. तीर्थ कधी टोचतं का हो?”

“ही मूठ तुझ्या वहीत कुठे आहे?”

“मूठ...?”

“आणि ही पळी?”

“अक्का, ते तीर्थ. ते काय खाणं आहे, वहीत मांडायला?”

“यात काय घातलंय ग?”

“तुम्हीच तर केलंत. पंचामृत. दूध, दही...”

सुलक्षणाने वाटीकडे पाहिलं.

तिचा हात अजून लेकीच्या बोटांवर होता. तिने तो चटकन काढून घेतला. भाजल्यासारखा.

“घरच्या पूजेला एक पळी देत होते,” ती म्हणाली. “पित्त उठायला लागलं, तशा तीन केल्या.”

...

“आई, मी सांगत होते ना तुला,” ईश्वरी म्हणाली. रागाने नाही. नुसतीच.

“हो ग बाई. सांगत होतीस.”

अक्कांनी पळी वाटीत ठेवली आणि वाटी लांब सरकवली.

“आजच डॉक्टरबाईंकडे जा. ही पळी त्यांना सांग. सोया, बदाम, नारळ... यातलं काय पुन्हा द्यायचं, कधी द्यायचं, ते त्या ठरवतील. तू ठरवू नकोस.”

सुलक्षणाने मान हलवली. पण ती उठली नाही. वहीचा कोपरा अंगठ्याने दुमडत, उलगडत राहिली.

“अक्का... शाळेत हिचा डबा वेगळ्या बाकावर. कुणाच्या वाढदिवसाला मी हिला नेत नाही. बारसं असो, डोहाळजेवण असो, आम्ही दोघी दारातूनच ओटी देऊन परत. घरीसुद्धा सगळे पंगतीला, आणि ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी. एकटी. फक्त सोमवारी, घरची आरती झाल्यावर, सगळ्यांच्या रांगेत उभी राहायची. आजोबांच्या हातावर जी पळी, तीच हिच्या हातावर. मला वाटायचं, निदान एवढं तरी... देवापाशी तरी ती सगळ्यांसारखी...”



ईश्वरी आईकडे बघत होती. मूठ अजून तशीच होती.

“आता त्या रांगेतूनही काढू का तिला?” सुलक्षणाने विचारलं. “तिथंही एकटीच ना मग ती?”

बाहेर नदी वाहत होती. काठावर कुणी नव्हतं.

अक्का सगळ्यांना दिल्यावर शेवटी आपलं तीर्थ घेत. ते घेतल्याशिवाय त्यांनी चाळीस वर्षांत तोंडात घास घातला नव्हता. आजचं अजून घ्यायचं होतं.

त्यांनी वाटीवर ताटली झाकली.

मग त्या सरकत सरकत खांबापाशी गेल्या. ईश्वरीच्या शेजारी पाठ टेकून बसल्या. उजवा हात पुढे केला, सुरकुतलेली बोटं एकेक करून मिटली, आणि ती मूठ पोरीच्या मुठीशेजारी धरली.

ईश्वरीने आधी मुठीकडे पाहिलं, मग अक्कांकडे.

“एकटी म्हणालीस ना?” अक्का सुलक्षणाला म्हणाल्या. “मोज बरं.”