खालच्या ओट्यावरचा पहिला पुकारा

कोळंबखोऱ्यात जुन्या कचेरीच्या मागे दोन दगडी ओटे आहेत. वरच्या ओट्याला सात पायऱ्या आणि पाठ टेकायला भिंत. पाहुणे आले की थेट तिथे चढतात, ऐटीत बसतात, फोटो काढतात. त्यांना खाली बोलावतात ते रंगनाथ नाईक. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अजून खणखणीत. कचेरीचा पुकारा करण्याचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. "त्यो वटा सोडा पाव्हणं," ते जरा रागानेच म्हणतात, "बघायचा असंल तर ह्यो खालचा बघा."

खालचा ओटा जेमतेम वीतभर उंच. त्याला पायरी नाही, भिंत नाही. कोपऱ्यात दगडाला एक खळी आहे, आणि तिच्यात पाण्याने भरलेला तांब्या. त्याच्या अर्ध्या अंगावर ठोक्यांची नक्षी आहे, अर्धं अंग कोरं. त्यातलं पाणी कोणी पीत नाही. का, असं विचारलं की नाईक ओट्याच्या कडेला बसतात आणि सांगू लागतात.

संस्थानात पूर्वी एकच ओटा होता, असे सांगतात. बांधाची भांडणं, चोऱ्या, मारामाऱ्या, मयताच्या वाटण्या, पोरक्या पोरांचे हक्क, सगळं वरच्याच ओट्यावर चाले. न्यायाला बसत त्र्यंबकशास्त्री. माणूस सरळ, पण कडक. त्या काळी मरणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर घरंदारं इकडची तिकडे होत, आणि न ऐकलेलं 'ऐकलं' म्हणणारेही पुष्कळ निघत. अशाच एका खोट्या साक्षीवर एक विधवा देशोधडीला लागली. तेव्हा शास्त्रींनी नियम घातला: मयताचा शब्द दोघांनी मिळून ऐकलेला हवा, आणि त्या दोघांना त्यातून काही मिळायचं नसावं. या नियमाने कितीतरी घरं वाचली. शास्त्रींना त्याचा अभिमान होता, आणि तो का नसावा?

शास्त्रींच्या शेजारी गणोबा तांबट राहत असे. त्याला मूलबाळ नव्हतं. दुष्काळात घाटवाटेवर सापडलेली एक पोर त्याने वाढवली, तिचं नाव गोजरा. भाता ओढता ओढता ती ठोके घालायला शिकली. रोज सकाळी शास्त्री संध्येला बसत तेव्हा पलीकडून बापलेकीचे ठोके ऐकू येत. बापाचा जड, लेकीचा हलका. एखाद्या दिवशी हलका ठोका आला नाही तर शास्त्री कुंपणावरून विचारत, "पोर बरी आहे ना रे?"

एका उन्हाळ्यात गणोबा अंथरुणाला खिळला. त्या दुपारी गोजरा वैद्याला आणायला नदीपलीकडे गेली होती. उशाशी शास्त्री होते आणि समोरची भागी कुंभारीण. गणोबाने पाणी मागितलं. घरात तांब्या-घागरींची उतरंड, पण सगळी भांडी गिऱ्हाइकांची, कोरडी ठणठणीत. शास्त्री म्हणाले, "भागाबाई, विहिरीवरून चटकन पाणी आणा."

भागी गेली, आणि गणोबाने शास्त्रींचा हात धरला.

"घर, भट्टी, हातोडं... समदं माज्या पोरीचं. शास्त्रीबुवा, ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं, गणोबा."

भागी धावतपळत पाणी घेऊन आली तोवर तो गेला होता. तहानेलाच गेला.

तेरावा होताच गणोबाचा पुतण्या हिरोजी परगावाहून आला आणि त्याने वरच्या ओट्यापुढे हक्क सांगितला. रक्ताचा वारस तो एकटाच होता. शास्त्रींनी भागीला विचारलं, "मयताचा शब्द तू ऐकलास?"

भागी किती वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी ती 'ऐकला' म्हणाली असती, आणि हे शास्त्रींना कळत होतं. त्यांनी मान हलवली नाही.

"मी पान्याला गेलते, म्हाराज," ती म्हणाली आणि रडू लागली.

मग गोजरा पुढे आली. "शास्त्रीबाबा, तुमी हुतासा की तितं. माजा बा काय म्हनला?"

शास्त्रींच्या ओठांवर तो शब्द होता. पण न्यायाला बसलेल्याने साक्ष द्यायची रीत नव्हती. आणि दिली असती तरी कान एकाचेच. आज स्वतःसाठी नियम मोडला तर उद्या खोटे कान पुन्हा या ओट्यापुढे रांग लावतील, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी खाली बघून निकाल सांगितला. घर हिरोजीचं झालं.

गोजरा भांडली नाही. तिने फक्त स्वतःच्या हातचा, अर्धा ठोकलेला एक तांब्या मागून घेतला आणि ती घाटाच्या वाटेने चालू लागली. तीच वाट, जिच्यावर ती सापडली होती. शास्त्री सातव्या पायरीवर उभे राहून बघत होते. ती वळणाआड गेली तरी ते खाली उतरले नाहीत, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संध्येला बसले. पलीकडे जड ठोका नव्हता, हलकाही नव्हता. ताम्हनातलं पाणी तसंच टाकून ते अनवाणी राजवाड्यावर गेले आणि त्यांनी राजेसाहेबांना सगळं सांगितलं.

"मग तेव्हा का बोलला नाहीत?" राजेसाहेबांनी विचारलं.

"बोलायचं तर खाली उतरायला हवं होतं, महाराज. आणि उतरून उभं राहावं अशी जागाच आपल्या न्यायात नाही."

तेव्हा राजेसाहेबांनी खालचा ओटा बांधवला. बांध, चोरी, मारामारी वरच्या ओट्याकडे राहिली. मयताचे शब्द, पोरक्यांचे वाटे, अजाण लेकरांचे पालक, परागंदा झालेल्यांचे हक्क खालच्याकडे आले. त्याला न्यायाधीश वेगळा. त्याने पागोटं उतरवून, जमिनीलगत बसायचं, आणि जिथे नियमाचे हात पोचत नाहीत तिथे मनाला साक्षी ठेवून न्याय करायचा. ज्याला स्वतःला काही ठाऊक असेल त्याने न्यायाची जागा सोडून साक्षीला उभं राहायचं.

तिथला पहिला दावा गोजराचा ठरला. तिला शोधायला चारी वाटांना माणसं गेली. घाटमाथ्यावरच्या विहिरीच्या काठावर तिचा तांब्या सापडला. त्या वाटेवर तेव्हा पटकीची साथ होती. याहून जास्त कोणी काही सांगितलं नाही, आणि शास्त्रींनीही कोणाला सांगू दिलं नाही.

ठरल्या दिवशी शास्त्री बोडक्या डोक्याने खालच्या ओट्यापुढे उभे राहिले. "मी ऐकलं," त्यांनी सांगितलं, आणि सगळं सांगितलं. नव्या न्यायाधीशाने ती साक्ष मानली. पण ज्याला द्यायचं तो समोर असल्याशिवाय निकाल देता येत नव्हता. नाईकांच्या पूर्वजाने तीनदा पुकारा केला. कोणी आलं नाही. पुढची तारीख पडली. शास्त्रींनी तिचा तांब्या पाण्याने भरून ओट्याच्या खळीत ठेवला, ती येईल तेव्हा तिच्यासाठी.

पुढची सतरा वर्षं शास्त्री प्रत्येक तारखेला हजर राहिले, म्हणे. शेवटी ते अंथरुणाला लागले तेव्हा त्यांनी दोन परक्या माणसांना उशाशी बसवलं, भरलेला तांब्या जवळ ठेवला, आणि कोणाला उठू दिलं नाही. दोघांनी मिळून ऐकलेला त्यांचा शब्द एवढाच होता: "पोरीचा पुकारा चुकवू नका."

संस्थान गेलं, कोर्ट तालुक्याला गेलं. पण आजही कोळंबखोऱ्यात दुखणेकऱ्याच्या उशाशी आधी भरलेला तांब्या ठेवतात, मग माणसं बसतात. आजही घरोघरच्या वाटण्या खालच्या ओट्यावरच होतात. वाटणी कोणाचीही असो, पहिल्यांदा रंगनाथ नाईक उभे राहतात आणि घाटाकडे तोंड करून हाक देतात, "गोजरा गणोबा तांबट, हाजिर हाय का?"

तीनदा. तिसऱ्या हाकेनंतर ते जरुरीपेक्षा अंमळ जास्तच थांबतात. मग कोपऱ्यातला तांब्या भरलेला आहे ना ते वाकून बघतात आणि तिच्या दाव्याची पुढची तारीख सांगतात.