राजाचं सॉफ्टवेअर आणि ताटातलं तूप

करंजनगरीच्या तुंगभान राजाने नातीच्या बारशाला हट्ट धरला. नातीने नव्हे हो, राजाने! पाळण्यामागे पडदा लावायचा, पडद्यावर चित्रातला हत्ती नाचायचा, आणि तो हत्ती राजाने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरवर नाचवलेला असायचा. आता राजाने जन्मात कधी माउस धरला नव्हता. धरला तेव्हा तलवारीसारखा मूठ आवळून धरला आणि टेबलावरून सरळ प्रधानाच्या पोटात घुसवला.

पण राजाला कोण सांगणार? भर दरबारात त्याने हुकूम सोडला, "हत्ती नाचवायचं सॉफ्टवेअर मला निवडून द्या. महागडं आणलंत तर खजिना लुटलात. फुकटातलं आणलंत तर माझा अपमान केलात. अवघड आणलंत तर माझी थट्टा, आणि सोपं आणलंत तर मला अडाणी ठरवलंत. चुकेल त्याने हत्तीखान्यात शेण उचलायचं!"

एका पंडिताने महागडं आणलं, तो गेला शेण उचलायला. दुसऱ्याने सोपं आणलं, तोही गेला. तिसरा हुशार, त्याने ना महाग ना स्वस्त, ना सोपं ना अवघड असं आणलं.

"मधलं?" राजा ओरडला. "राजा काय मधला असतो?"

गेला तोही. हत्तीखान्यात शेण कमी आणि पंडित जास्त अशी गत झाली.

मग राजाचं बोट वळलं दरबारच्या चिताऱ्याकडे, रखमाजीकडे. "उद्या तुझी पाळी."

रखमाजी घरी आला तो उंबऱ्यातच बसला. "बयजा, माझे जुने कपडे काढून ठेव. नव्यांना शेणाचे डाग पडतील."

त्याची बायको बयजा राजवाड्यात राजाला वाढायचं काम करी. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, महाराजांना काय आवडतं ते महाराजांना तरी ठाऊक आहे का?"

"म्हणजे काय?"

"भाजी कशी झाली विचारलं की म्हणतात, बरी. वांग्यालाही बरी, कारल्यालाही बरी. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नाही. ताटाकडे बघते."

"अगं, सॉफ्टवेअर निवडायचंय, वांगं नव्हे!"

"तुम्ही पाच कॉम्प्युटर मांडा. पाचांवर पाच निरनिराळी सॉफ्टवेअरं घाला. ताट माझ्यावर सोडा."

दुसऱ्या दिवशी भोजनगृहात कॉम्प्युटरांची पंगत बसली. सॉफ्टवेअरचं नाव नि किंमत दिसू नये म्हणून बयजाने प्रत्येक पडद्याच्या वरच्या कडेला केळीच्या पानाची पट्टी कणकेने चिकटवली होती. राजा आला, बघतो तर काय, बाजूला पुरणपोळीचं ताटही तयार.

"हे काय गं? माझी परीक्षा घेतेस?"

"छे, महाराज! परीक्षा यांची. तुम्ही परीक्षक. प्रत्येकात चित्रातला एक लाडू काढायचा, वर उडवायचा, खाली आणायचा. मधे भूक लागली तर पोळी आहेच."

पहिल्यासमोर राजा बसला. पडदाभर बटणंच बटणं, जशी परात सांडून साबुदाणा पसरलेला. राजाने एक दाबलं, लाडू गायब. दुसरं दाबलं, लाडवावर लाडवाचे सात थर. "हं," म्हणत राजाने पोळीचा तुकडा मोडला आणि तोडता तोडता अख्खी पोळी संपवली.

दुसऱ्याने आत घेण्याआधीच नाव विचारलं, गाव विचारलं, मोबाइल नंबर विचारला. "मला नाव विचारतो? माझ्याच वाड्यात?" राजाने दुसरी पोळी उचलली.

तिसऱ्यात लाडू उडाला म्हणतात, पण तो दिसायच्या आधी कॉम्प्युटर गरगरत बसला. "याचं काय शिजतंय?" राजाने कटाची आमटी वाटीनेच पिऊन टाकली.

राजा चौथ्यासमोर बसला तेव्हा बयजाने गरम पोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. राजाने लाडू काढला. उडवला. लाडू वर गेला आणि टुणकन खाली आला.

"आला की गं परत!"

राजाने लाडवाला डोळे काढले. मग मिशा काढल्या. मग सोंड लावली, पाय लावले. लाडवाचा हत्ती झाला आणि थय थय नाचायला लागला. प्रधान म्हणाला, "महाराज, पोळी." राजा म्हणाला, "गप्प बस, याला शेपूट राहिलंय!" खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, तरी राजा उठेना. पाचव्याकडे तर त्याने मान वळवूनही बघितलं नाही.

बयजा ताटाकडे बघत होती. पोळी होती तशीच, आणि तिच्यावरचं तूप थिजून पांढरं झालं होतं.

"निवड झाली, महाराज," ती म्हणाली आणि तिने चौथ्यावरची पट्टी ओढून काढली.

प्रधान वाकून वाचायला गेला आणि किंचाळलाच, "फुकटातलं! पोराटोरांनी शिकायला घ्यावं असलं, अगदी सोपं! महाराजांचा अपमान! अडाणी ठरवलं महाराजांना!"

रखमाजीने डोळे मिटले. बयजाने मात्र पदर सावरला.

"खरं आहे, प्रधानजी. अपमान झालाय, शिक्षा व्हायलाच हवी. पण निवड मी नाही केली, माझ्या धन्यानेही नाही. ज्यांच्या ताटातलं तूप थिजलं त्यांनी केली. आता त्यांना हत्तीखान्याकडे न्या. वाट मी दाखवते."

सगळ्यांच्या माना ताटाकडे वळल्या, ताटाकडून राजाकडे. राजाने थिजलेलं तूप बघितलं, पडद्यावरचा हत्ती बघितला आणि असा हसत सुटला, असा हसत सुटला की पगडी आमटीच्या वाटीत पडली!

"अगं, आणि ते पहिलं मोठं, साबुदाण्यासारख्या बटणांचं?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"ते कुठे पळून जातंय, महाराज? आधी या हत्तीचे पाय मोजा."

राजाने मोजले. पाच भरले. राजा पुन्हा हसायला लागला.

हसता हसताच त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून बयजाच्या हातात ठेवला, रखमाजीला शालजोडी दिली, आणि हत्तीखान्यातल्या पंडितांना आंघोळ घालून बारशाच्या पंगतीला बसवलं. पडद्यावर पाच पायांचा हत्ती नाचला तेव्हा पाळण्यातली नात पहिल्यांदा खुदकन हसली, आणि बयजाने राजाला गरम पोळी वाढून आधीच सांगून ठेवलं, "तूप आता तुम्ही म्हणाल तेव्हाच सोडते!"