अतोकचा चामडी पूल

"...आणि जुना धडधाकट असला तरी?"

"तरी."

"तरी कापायचा?"

"कापायचा," सायरी तायता म्हणाले आणि त्यांनी भाजलेल्या मक्याचे चार दाणे तोंडात टाकले.

अँडीजच्या डोंगरांतली ही गोष्ट. घोडा आणि लोखंड त्या मुलखाने अजून पाहिलं नव्हतं; ओझी वाहायला लामा नावाची लोकरीची जनावरं होती. खोल दरी, तळाशी नदी. अलीकडे एक गाव, पलीकडे एक, आणि मध्ये गवताच्या दोरांचा झुलता पूल. दर वर्षी सुगी उरकली की दोन्ही गावं आपापल्या काठावर जमत, जुना पूल कापून नदीत सोडत आणि नवा विणत.

सायरी त्या पुलाचे राखणदार. लोक त्यांना तायता, म्हणजे बाबा म्हणत. अतोक त्यांचा शिष्य. हाताचा मोठा कसबी, आणि आपण कसबी आहोत हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

"मी चामड्याचे दोर वळलेत, तायता," तो म्हणाला. "लामाचं कातडं आहे. चरबी चोळून मुरवलंय. आपली नातवंडं म्हातारी होतील, पण हा पूल हलायचा नाही."

तायतांनी दोर हातात घेतला. वाकवून पाहिला, ओढून पाहिला, दातांनी चावूनही पाहिला.

"सुरेख आहे," ते म्हणाले.

अतोक थांबून राहिला. आता एखादा 'पण' येणार, याची त्याला खात्री होती.

"...लाव की मग."

पूल लागला. लोकरीची ओझी लादलेले लामा एकामागून एक त्यावरून गेले, पूल कुरकुरलासुद्धा नाही. लोकांनी अतोकची पाठ थोपटली. त्याचे पाय जमिनीला लागेनात.

पुढची सुगी आली आणि उरकली. गवत कापायला कोणी डोंगरावर चढलं नाही. बाया दोऱ्या वळायला बसल्या नाहीत. मक्याची दारू रांजणांत आंबली नाही, पावे खुंटीलाच राहिले. एक काम वाचलं म्हणून सगळे खूश होते. अतोक तर सर्वांत जास्त.

एकदा दोन लामा चुकून पूल ओलांडून आले. गावाने ते बांधून ठेवले.

"कोणाचे आहेत?" अतोकने विचारलं.

"कोण जाणे. पलीकडच्यांचे असतील."

अतोक चपापला. पलीकडचे? आजवर त्या प्रत्येकाला नाव होतं.

तो स्वतःच लामांना घेऊन पलीकडे गेला. धन्याचं घर विचारावं म्हणून आधी वाल्पाच्या दारी थांबला. वाल्पा त्याचा जुना मित्र. दर वर्षी एकाच दोराची दोन टोकं दोघे दोन काठांवरून ओढत आणि एकमेकांना मनसोक्त शिव्या देत.

वाल्पा घोंगडीवर पडला होता. पायाला काठ्या बांधल्या होत्या.

"काय झालं रे?"

"कड्यावरून घसरलो. पेरणीच्या दिवसांत."

"पेरणीच्या? ...मग मला कसं कळलं नाही?"

वाल्पाची बायको उर्पी चुलीपाशी बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"आम्हीही तेच म्हणत होतो, भावजी. पूल तर उभाच होता."

अतोकला बसवेना. लामा उर्पीच्या हवाली करून तो तडक परत आला. तायता नेहमीच्या जागी, पुलाच्या तोंडाशी ऊन खात बसले होते.

"तायता, पूल कापायचाय."

"दोर कुजले?"

"नाही."

"सैल पडले?"

"नाही. दगडासारखे आहेत."

"मग?"

अतोक स्वतःची सुरी काढून पुलाकडे वळला.

तायतांनी कमरेची कांशाची सुरी काढून त्याच्यासमोर धरली.

"ही घे. चामडं चिवट असतं, तुझ्या सुरीने व्हायचं नाही."

पलीकडे कोणी पुलावर नाही ना, हे पाहून अतोक कामाला लागला. घामाघूम झाला. आपलंच कसब असं नडेल, हे त्याला कधी सुचलं नव्हतं. शेवटचा दोर तुटला तेव्हा पूल समोरच्या कड्यावर धाडकन आपटला आणि लोंबकळत राहिला. गडगडाट ऐकून दोन्ही गावं धावत आली.

अतोक मान खाली घालून उभा होता.

मग समोरून आवाज आला. मेव्हण्याच्या पाठुंगळीला बसून वाल्पा आला होता.

"अतोक, गाढवा, तुझा पूल पडला रे."

"पडला कसला," उर्पी ओरडली, "त्यानेच कापला. सुरी बघा ना त्याच्या हातात."

"दारू चढली असेल त्याला."

"यंदा कुठली आलीय दारू? तुम्ही आंबवली होती का?"

"तुम्ही नाही आंबवली, मग आम्ही का आंबवायची?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग दरीच्या दोन्ही अंगांनी हसू फुटलं, आणि वर्षभराच्या साचलेल्या बातम्या नदीच्या डोक्यावरून इकडून तिकडे, तिकडून इकडे फेकल्या जाऊ लागल्या. कोणाला मूल झालं, कोणाची सून रुसली. पलीकडच्यांनी लोंबकळणारा पूल सोडला आणि नदीने तो नेला.

दुसऱ्या दिवशी माणसं गवतासाठी डोंगर चढली. बाया ओळीने दोऱ्या वळायला बसल्या. पावे खाली उतरले. पलीकडे वाल्पा दुखरा पाय लांब करून दोऱ्या वळत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत होता. अतोकचे तळवे गवताने कापले, त्यांची आग होत होती, आणि तरी त्याला गुणगुणावंसं वाटत होतं.

"तायता," त्याने हळूच विचारलं, "तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं. मग दोर सुरेख आहे असं का म्हणालात?"

"सुरेखच होता."

तायता हसले आणि पुन्हा गवत ओलं करू लागले.

दोर तयार झाले. पहिली बारीक दोरी दगडाला बांधून अतोकने गोफणीने भिरकावली. पलीकडे गर्दीतून एक हात वर झाला आणि दोरी झेलली गेली. अतोकने घाईने पाय रोवले, दोरीला हात घातला.

तायतांनी त्याच्या मनगटावर बोट ठेवलं.

"थांब. पलीकडे कोणी धरलीय, ते आधी बघ."